येळवशीचा उपवास

लातूरकडची येळवस मी पंचावन्न वर्षांचा होईपर्यंत पाहिली नव्हती. नांदेडहून लातूर काही परदेश नाही. सकाळची एसटी धरली तर दुपारच्या जेवणाला माणूस पोचतो. पण आमचं मूळ गाव हिमायतनगरकडचं, आणि आमच्या घरात मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे नुसती अमावस्या. घराला कुलूप लावून सगळ्या गावानं शेतात जेवायला जायचं, वाटेवरच्या परक्या माणसालाही हाक मारून पंगतीत बसवायचं, हे आम्हाला ऐकून माहीत.

यंदा जाणं झालं ते सोयरिकीमुळे. माझ्या मुलीचं, स्वातीचं, लग्न लातूरजवळच्या एका शेतकरी घरात ठरलं. सुपारी फुटली त्या दिवशी विहीणबाईंनी सहज विचारलं, कानपिळी करणारा भाऊ कुठं आहे? मी म्हणालो, त्याला ताप आलाय. ताप नव्हता. ओंकार, माझा सव्वीस वर्षांचा मुलगा, आतल्या खोलीत कानांवर मोठे हेडफोन लावून भिंतीला टेकून बसला होता, कारण बाहेर सगळा गोतावळा एकाच वेळी बोलत होता. ओंकार ऑटिस्टिक आहे. मराठीत स्वमग्न म्हणतात, पण तो शब्द मला कधी पटला नाही. घरात नळ ठिबकत असला, कुणाच्या आवाजात राग असला, तर आमच्याआधी त्याला कळतं. त्याला कळत नाही ते आपण न बोलता गृहीत धरलेलं.

हे मी त्या घराला सांगितलं नव्हतं. सोयरीक मोडेल ही भीती होती. दुसरं कारण नाही.

मग निरोप आला, येळवशीला या, आणि भावाला घेऊनच या. आमच्यात लग्न लागताना नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावतो, आणि नवरदेव त्याला कपडे करतो. सगळा मांडव गोळा होऊन हसतो. स्वातीनं घरात सांगून टाकलं होतं, "दादाच कान पिळेल, नाहीतर कुणीच नाही. आणि बाबा, जाताय तर त्यांना आता तरी सांगा." मी म्हणालो, बघू. माझ्या बायकोच्या मनात यायचं होतं, पण मुलीजवळ कुणी तरी हवं म्हणून ती थांबली. निघालो ते मी आणि ओंकार.

नांदेड ते अहमदपूर

ओंकार इतवाऱ्यातल्या एका बाइंडिंगच्या दुकानात काम करतो. मालकांना सगळे चाचा म्हणतात. रजा मागायला गेलो तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. "साहब, उसको पहले से बता दो, बस," ते म्हणाले. "रस्ता, लोगाँ, खाना, सब बता दो. फिर वो चाँद पे भी जाएगा." वरातीचा बँड येताना दिसला की चाचा अर्धं शटर ओढून घेतात. गिऱ्हाइकं कुरकुरतात. त्याचं त्यांना काही वाटत नाही.

मी सगळं सांगितलं. कोणती गाडी, कुठं थांबणार, लातूरला लॉजवर मुक्काम, दुसऱ्या दिवशी शेत, तिथं कोण कोण असेल. येळवशीचं मुख्य जेवण म्हणजे भज्जी. वाल, वाटाणा, हरभरा, तूर, हाती लागेल ती भाजी एकत्र शिजवून, वरून बेसन लावलेली, हेही सांगितलं.  ओंकार म्हणाला, "ते मला खाता येणार नाही." एकात एक मिसळलेलं अन्न त्याला चालत नाही. वरण भातावर घातलं तर तो ताटावरून उठतो. मी म्हणालो, तिथं गेल्यावर बघू. "बघू म्हणजे काय होणार?" त्यानं विचारलं. मी पिशवी भरायला घेतली.

लोहा मागे पडलं आणि रान उघडलं. डिसेंबरचं ऊन, दोन्ही बाजूला काळ्या मातीवर हरभरा, मध्येच पोटऱ्यात आलेली ज्वारी, तुरीच्या वाळत आलेल्या शेंगा. ओंकार खिडकीशी होता. त्याला हलत्या खिडकीतून बघायला आवडतं. तासन् तास बघतो. त्या दीड-दोन तासांत आम्ही दोघेही सुखी होतो.

अहमदपूरला गाडी बंद पडली. दुसऱ्या गाडीत बसा म्हणाले. मग आपल्याकडे जे होतं ते झालं. गाडी फलाटाला लागायच्या आत माणसं धावली आणि खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडल्या. मी सामान उतरवून येईपर्यंत ओंकार शांतपणे चढला होता. खिडकीजवळच्या एका सीटवर त्याला रुमाल दिसला. त्यानं तो उचलला, घडी केली आणि महिला कंडक्टरच्या हातात दिला. "कुणाचा तरी राहिलाय," म्हणाला, आणि त्या सीटवर बसला.

रुमालवाला आला. अंगानं भरभक्कम, कपाळाला बुक्का. "शिकल्याला दिसतंस की. रुमाल दिसला न्हाई व्हय रं?"

"दिसला. म्हणून दिला."

गाडीत हशा पिकला. माणसाला वाटलं पोरगं टिंगल करून राहिलंय. त्याचा आवाज चढला, ओंकारनं हात कानांवर नेले. मी मध्ये पडलो आणि म्हणालो, माफ करा, त्याला कमी ऐकू येतं. माणूस लगेच निवळला. बहिऱ्याला आपल्याकडे माफी असते. तेवढ्यात कंडक्टरबाईंनी दारालगतच्या आपल्या सीटवरची पेटी उचलली. "दादा, हितं बसा तुम्ही," ओंकारला म्हणाल्या. "हितं कुनी रुमाल टाकत न्हाई."

गाडी सुरू झाल्यावर ओंकार मागे वळून मला म्हणाला, "मला ऐकू येतं. जास्त येतं."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. रुमाल टाकला की जागा आपली, हे मला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. शिरूर ताजबंद गेलं, चाकूर गेलं, तरी मी तेच मनात घोळवत होतो. असे किती रुमाल आपण दिवसभर टाकत असतो आणि समोरच्याला ते दिसलेच पाहिजेत असं धरून चालतो. आणि तरीही, खरं सांगायचं तर, त्याच प्रवासात मी दुसऱ्या दिवसासाठी आणखी एक खोटं जुळवत होतो.

लातूर

येळवशीच्या सकाळी लातूर शहर बघावं. एरवी इथं शिकवण्यांच्या पोरांच्या सायकलींतून वाट काढावी लागते. त्या दिवशी संचारबंदी असावी तसे रस्ते. दुकानांना कुलपं, चहाच्या टपऱ्याही बंद. लॉजच्या मॅनेजरनं आम्हाला घरचा चहा थर्मासातून दिला आणि स्वतःही किल्ल्या अडकवून शेताकडे निघून गेला.

शेतावर न्यायला अभिजितची गाडी यायची होती, तिला वेळ होता म्हणून आम्ही गंजगोलाईकडे चाललो. मधोमध गोल इमारत, भोवती गोल रस्ता, आणि त्या रस्त्यापासून सगळ्या बाजूंना फुटलेले बाजाराचे बोळ. इतर दिवशी ओंकार तिथं क्षणभर टिकला नसता. आज रिकाम्या गोलाईला त्यानं फेरी घातली. मग दुसरी. एका वळणावर त्यानं हेडफोन काढून गळ्यात अडकवले आणि हात मोकळे सोडून चालू लागला. मी त्याच्या मागे होतो. त्याची चाल इतकी सैल मी क्वचितच पाहिली असेन. जग रिकामं करून मिळालं तर त्याला कुठंच अडत नाही, असं मनात आलं. मग वाटलं, पण स्वातीचा मांडव काही रिकामा असणार नाही.

तिथंच, चालता चालता, मी त्याला शेतावरचं सगळं पुन्हा एकदा सांगितलं. फक्त माझं ठरलेलं खोटं सांगितलं नाही.

शेतात

होणारा जावई अभिजित गाडी घेऊन आला. उंच, कमी बोलणारा, शेतीची अवजारं विकायचं दुकान आहे त्याचं. वाटेत त्यानं गाणी लावली. ओंकार म्हणाला, "बंद करा". त्यानं बंद केली. एवढंच.

ज्यांनी येळवस पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून लहानशी झोपडी करतात, तिला कोप म्हणतात. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. पुढ्यात मडक्यात आंबील, म्हणजे ताकात शिजवलेलं ज्वारीचं पीठ. पूजा झाली की घरातला माणूस ती आंबील घेऊन शेताच्या कडेनं शिंपडत जातो आणि अर्धी कानडी वाटणारी आरोळी देतो. आसपासच्या प्रत्येक शेतातून तशीच आरोळी येते. ओंकारनं हेडफोन चढवले, पण तो त्या आंबिलीच्या थेंबांमागे कडेकडेनं पूर्ण शेत फिरून आला. आमचे व्याही पुढे आणि हा मागे. व्याही खूश झाले. "पोरगं शांत हाय," मला म्हणाले.

मग घोंगड्यांवर पंगत बसली. भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, ज्वारीच्या भाकरी, भरीत, कांद्याची पात, शेंगदाण्याची चटणी, गव्हाची खीर. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात, पण इथला आग्रह वेगळ्या जातीचा. पहिलं नको म्हणजे वळण, दुसरं नको म्हणजे लाज, तिसऱ्या नकोला वाढपी ऐकूनच घेत नाही. विहीणबाई भज्जीचं पातेलं घेऊन ओंकारसमोर आल्या. ओंकारनं ताटावर दोन्ही हात आडवे धरले. "नको."

"आसं कसं, लेकरा? येळवशीला लक्ष्मीला नको म्हनू नये."

"नको."

पळी पुढे आली आणि मी म्हणालो, "विहीणबाई, राहू द्या. त्याचा उपवास आहे."

पंगत थांबली. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. "येळवशीला कोन उपास धरतंय?" अख्खं रान जेवायला बसलेलं असताना उपवास सांगणारा मीच पहिला असणार. पण विहीणबाई खऱ्या घरंदाज. पातेलं खाली ठेवून त्या उठल्या, धाकट्या दिराला मोटरसायकलवर गावात पिटाळलं, दुकान उघडायला लावून केळी आणि राजगिऱ्याचे लाडू आणा म्हणाल्या. स्वतः पंगतीतून बाजूला होऊन दगडांच्या चुलीवर शेंगदाणे भाजायला बसल्या. त्यांचं जेवण तसंच राहिलं. धुरानं डोळे चोळत त्या शेंगदाणे हलवत होत्या आणि मी भज्जी खात होतो. चांगली होती, असं नंतर सगळ्यांना सांगितलं. चव मला आठवत नाही.

ओंकार चुलीकडे बघत होता. मग उठून त्यांच्याजवळ गेला आणि म्हणाला, "माझा उपवास नाही. बाबा तसं का म्हणाले ते मला माहीत नाही. तुम्ही जेवा."

विहीणबाईंनी हातातलं उलथणं खाली ठेवलं. त्या मला म्हणाल्या, आवाज न चढवता, "पाव्हणं, आमच्या हातचं चालत न्हाई, आसं हाय का?"

आमच्या मुलखात या प्रश्नाच्या मागे काय काय असतं ते मी सांगायला नको. मी उभा राहिलो.  ओंकारला मात्र प्रश्न सोपा वाटला असावा.

"मला मिसळलेलं चालत नाही," तो म्हणाला. "घरीसुद्धा नाही. आईच्या हातचंही नाही. मी ऑटिस्टिक आहे. मला भाकरी चालते. दूध चालतं. वेगवेगळं. ताटात दुसरं काही वाढलेलं नसेल तर."

"ते काय अस्तंय?" त्यांनी विचारलं, ओंकारला; मला नाही.

त्यानं थोडा विचार केला. "आवाज जास्त येतात. माणसं न सांगता जे करतात ते मला कळत नाही. सांगितलं तर कळतं."

 विहीणबाईंनी पदरानं रिकामं ताट कोरडं पुसून त्यात एकच भाकरी ठेवली, दुधाचा पेला ताटाबाहेर ठेवला, आणि विचारलं, "हे आसं?"

"असं."

"मग पैलंच सांगायचं की." आणि माझ्याकडे वळून, "पाव्हणं, पोरगं एका शब्दात सांगून मोकळं झालं. तुमी कामून उपास करून राहिलात?"

पंगतीत कुणी तरी हसलं. मी खाली बसलो.

जेवणं झाल्यावर व्याही मला विहिरीकडे घेऊन गेले. त्यांनी तोंडातली सुपारी थुंकली आणि सरळ विचारलं, ताप होता का त्या दिवशी? मी नाही म्हणालो. बसमधला बहिरेपणा त्यांना माहीत नव्हता, तोही सांगितला. का कोण जाणे, सांगावासा वाटला. भीती काय होती तेही सांगितलं. ते ऐकत होते, अधूनमधून ढेकूळ उचलून विहिरीत टाकत होते.

"पोराचा राग न्हाई," ते म्हणाले. "लपवल्याचा हाय." मग जरा थांबून, "स्वातीच्या लेकरांत येईल का हे?"

हा प्रश्न कधी तरी येणार हे मला माहीत होतं, आणि त्यासाठी मी घरी कितीतरी गुळगुळीत उत्तरं तयार करून ठेवली होती. त्यातलं एकही मी दिलं नाही. म्हणालो, येऊ शकतं, न येऊ शकतं. डॉक्टरही खात्री देत नाहीत. मी कशी देऊ.

 आणखी एक ढेकूळ पाण्यात पडलं. घरात बोलावं लागंल, एवढं म्हणून ते परत फिरले. मी मागोमाग. त्या बांधावरून चालताना स्वातीचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता. तिनं मला सांगा म्हटलं होतं तेव्हा सांगितलं असतं तर निदान तिनं निवडलेल्या शब्दांत सांगितलं असतं. आता जे झालं ते माझ्या खोट्यातून बाहेर पडलं होतं.

कोपेशी आलो तर अभिजित ओंकारसमोर उकिडवा बसला होता. ओंकार त्याला विचारत होता, कान किती जोरात पिळायचा असतो, किती वेळ, त्या वेळी बँड वाजत असतो का, मध्ये कुणी मला हात लावील का. अभिजित एकेकाचं उत्तर देत होता. बँड तेवढा वेळ बंद ठेवता येईल. हात कुणी लावणार नाही, मी सांगून ठेवतो. जोरात म्हणाल तर, "आत्ताच पिळून बघा की."

"मला दुसऱ्याच्या कातडीला हात लावायला आवडत नाही. रुमाल चालेल का?"

"चालतंय."

ओंकारनं खिशातून रुमाल काढला, घडी केली, आणि त्या घडीत अभिजितचा डावा कान धरून हलकेच फिरवला. चेहरा इतका गंभीर, जणू पुस्तकाच्या पाठीला डिंक लावतोय. विहीणबाईंनी तोंडावर पदर घेतला.

व्याही माझ्या पुढे उभे होते. त्यांची पाठ मला दिसत होती, चेहरा नाही.  मग ते दोन पावलं पुढे गेले.

"डावा न्हवं," ते ओंकारला म्हणाले. "आमच्यात उजवा कान पिळत्यात."

ओंकारनं मान वर केली. "आधी सांगायला पाहिजे होतं."

"चुकलं बाबा माझं," व्याही म्हणाले. "आता उजवा धर."

मी तोंड फिरवून कोपेतल्या पांडवांकडे पाहू लागलो. त्यामुळे दुसऱ्यांदा काय झालं ते मला दिसलं नाही; अभिजितचं "आई गं" आणि मागोमाग सगळ्यांचं हसणं तेवढं ऐकू आलं.

परत

येताना गाडी थेट नांदेडची मिळाली. विहीणबाईंनी फडक्यात भाकरी बांधून दिल्या होत्या आणि भज्जी वेगळ्या डब्यात, "ही तुमच्यासाठी, उपाशी पाव्हण्यासाठी" म्हणून. लोह्याच्या अलीकडे ओंकारनं विचारलं, उपवास का सांगितला? मी म्हणालो, मला तुझी लाज वाटली म्हणून. हे वाक्य मी त्याच्याजवळ कधी बोललो नव्हतो. स्वतःजवळही नाही. तो खिडकीबाहेर बघत होता. "आता वाटते का?" त्यानं विचारलं.

"आज माझी वाटली."

त्यानं मान हलवली आणि हेडफोन लावले. त्यानं मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. एक माहिती मिळाली आणि ती त्यानं ठेवून घेतली, असं वाटलं.

घरी स्वाती दारातच उभी होती. तिला फोनवर अभिजितनं काय सांगितलं होतं कोण जाणे. ती माझ्याकडे न बघता ओंकारकडे बघत होती. ओंकारनं चपला जागेवर ठेवल्या आणि पाणी पिऊन तिला क्रमानं सगळं सांगितलं. अहमदपूरला रुमाल टाकून जागा धरतात. लातूरचा बाजार गोल आहे. बाबा खोटं बोलले, मग खरं बोलले. भाकरी जाड होती, चांगली होती. कान रुमालात धरून पिळला. उजवा कान असतो, डावा नाही. बँड बंद ठेवणार आहेत.

"आणि रुमाल?" स्वातीनं विचारलं. "मी रुमाल घेऊन ठेवू ना तुझ्यासाठी, मांडवात कान धरायला?"

"नको," ओंकार म्हणाला. "दुसऱ्यांदा लावलाच नव्हता."